चौथ्या बाई

फोटोवाल्याला बायको एकच होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या वस्तीत नव्याने राहायला आलेली माणसं हमखास गोंधळायची. दुकानात कुणी हाक मारायचं, "चौथ्या बाई, जरा येता का?" आणि नवखं गिऱ्हाईक फोटोवाल्याकडे वर-खाली बघत राहायचं. मग तो बिचारा घाईघाईने खुलासा करायचा, "अहो, तशी चौथी नाही हो. पहिली आणि शेवटची हीच." आतून बाई म्हणायच्या, "शेवटची कशावरून?" आणि दुकानात हशा पिकायचा.

तीन माणसांनी मिळून फोटो काढू नये, काढला तर मधलं माणूस आधी जातं, ही समजूत तुमच्याही कानावर आली असेल. ती कुठून आली, कुणी किती मधली माणसं मोजून पाहिली, ते विचारायचं नाही. विचारलं की लोक आपल्याच अकलेची कीव करतात. आपली भाषासुद्धा या प्रकाराला खतपाणी घालते. काम बिघडलं की त्याचे तीनतेरा वाजले म्हणायचं, पटेनासं झालं की छत्तीसचा आकडा, दमलं की नाकी नऊ आले. आकड्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय, कोण जाणे. पण फोटोच्या धंद्यात असल्या समजुतींशी भांडून चालत नाही. गिऱ्हाईक तेरा तारखेला येत नाही, तेरा प्रती घेत नाही, आणि तिघं आली तर पाटीखालीच घुटमळत उभी राहतात.

लग्नाला दोन आठवडे झाले असताना तीन बहिणी फोटो काढायला आल्या होत्या. धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि ती दूर जाणार होती. तिघी बाकावर बसल्या, केस सारखे केले, आणि ऐन वेळी मधली ताडकन उठली. "मला नको बाई मध्ये." मग थोरली मध्ये बसली, तीही उठली. धाकटी तर रडायलाच लागली. फोटोवाला काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून हताश उभा होता. इतक्यात आतल्या दारातून नवी नवरी म्हणाली, "मी उभी राहते की कडेला. चौघी होऊ. नंतर मला कापून टाका."

तिथून ते सुरू झालं. तिघांचं गिऱ्हाईक आलं की ती हातातलं काम ठेवायची, हात पुसायची आणि चौकटीच्या उजव्या कडेला जाऊन उभी राहायची. निगेटिव्हवर चार माणसं. कागदावर छापताना तो उजवी पट्टी कटरने उडवायचा आणि तिघांचा फोटो तिघांच्या हातात द्यायचा. निगेटिव्हवर चौघं होती म्हणजे दोष नाही, असं लोकांनी आपापसात ठरवून टाकलं. लोकांचं काय, पळवाट सापडली की श्रद्धा आणखी पक्की होते. पलीकडच्या रस्त्यावरच्या स्टुडिओवाल्याने चुरशीने एक मोठी बाहुली आणून कडेला उभी करायला सुरुवात केली, पण बाहुलीवर कुणाचा विश्वास बसेना. जिवंत माणूस ते जिवंत माणूस. दूरदूरहून तिघं-तिघं यायची आणि विचारायची, "चौथ्या बाई आहेत ना दुकानात?"

नाहीतर तिचं काम खिडकीशी असायचं. निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. हात असा की कुणाला पेन्सिल फिरल्याचा पत्ता लागत नसे. अर्ध्या वस्तीला तिने तरुण केलं होतं. स्वतः मात्र हजारो निगेटिव्हच्या कडेला उभी होती, आणि एकाही कागदावर नव्हती.

बरं, तिने हे नुसतं धंद्यासाठी केलं म्हणावं, तर तसंही नाही. तिचा विश्वास होता. बशीत बिस्किटं दोन नाहीतर चार. घरातून तिघं एकदम बाहेर पडायची वेळ आली की एकाला दहा पावलं पुढे पिटाळायची. फोटोवाला यातलं काही मानत नव्हता. लहानपणी शाळेत तेराव्या नंबरावर बसून तो सगळ्या वर्षांत पास झाला होता, हे तो सतरा वेळा सांगायचा. पण वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. बायको म्हणाली पुढे चला, की हा दहा पावलं पुढे चालायला लागायचा. लोक त्याला समजूतदार म्हणायचे. मला तो आळशी वाटतो. पटत नाही म्हणायलासुद्धा थोडे कष्ट पडतात, आणि ते त्याने आयुष्यभर टाळले.

त्यांना मुलगी झाली ती इतकी एवढीशी, की नर्स म्हणाली, "मुंगीच आहे." तेच नाव पडलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं होतं, ते फक्त शाळेला माहीत होतं.

मुंगीच्या प्रत्येक वाढदिवसाला दोन फोटो निघायचे. पहिला आईबरोबर, तो बाबा काढायचा. मग आई कॅमेऱ्याशी यायची, जीभ दातांत धरून बटण दाबायची, आणि बाबाबरोबर दुसरा. दोन्ही एका दुघडी चौकटीत शेजारी-शेजारी. अशा तेवीस चौकटी भिंतीवर होत्या. नातेवाइकांच्या समारंभात पन्नास-पन्नास माणसांचे फोटो निघायचे, त्यांत आई आणि मुंगी कुठेतरी वाटाण्याएवढ्या दिसायच्या. बाबा कुठेच नसायचा. कारण पुतण्याच्या लग्नात असो की भाचीच्या, सगळे त्याच्याच हातात कॅमेरा देऊन मोकळे व्हायचे.

सात वर्षांची असताना मुंगीने विचारलं, "आपला तिघांचा का नाही?"

"तिघांचा काढत नाहीत."

"पण तू सगळ्यांचा काढतेस. कडेला उभी राहतेस आणि मग बाबा तुला कापतात."

"ते गिऱ्हाइकांचं."

"मग मावशीला उभी करू. नंतर मावशीला कापू."

यावर आई एकदम गंभीर झाली. तिचं एक स्वतःचं गणित होतं, आणि ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवलं. जो कापला जातो, त्याच्यावर ते उतरतं. मधल्यावरचं सरकून कडेच्यावर येतं. "मी स्वतः उभी राहते तो माझा प्रश्न. मावशीला का म्हणून अडकवायचं? तिच्या घरी लेकरं आहेत."

फोटोवाला हे ऐकून हसला. म्हणाला, "मग तुझ्यावर आतापर्यंत गाडीभर उतरलं असेल."

"असेल," ती म्हणाली, आणि निगेटिव्ह उजेडावर धरलं.

तो हसला खरा, पण तिच्या या कामाचा अर्थ काय होता, हे त्याच्या तेव्हा डोक्यातही आलं नाही. ती उभी राहायची ती लोकांचं मरण स्वतःवर घ्यायला. परक्या माणसांचं. दिवसातून दोनदा, तीनदा, हात पुसून. असली माणसं वेडी असतात असं आपण म्हणतो आणि त्यांच्याकडून काम करून घेतो.

मुंगी मोठी झाली, औषधाच्या दुकानात काउंटरवर लागली, जिभेने तिखट निघाली. हातात फोन आल्यावर तिने एकदा जेवणाच्या टेबलावर आई-बाबांना गप्पांत गुंतवलं आणि हात लांब करून तिघांना चौकटीत धरलं. आई वाढत होती, पण तिचं लक्ष होतं. तिने भातवाढणी सोडून थेट फोनवर पंजा मारला. फोन आमटीत. मुंगी पोट धरधरून हसली. "आई, तुझ्या हाताचा फोटो मात्र फार सुंदर आलाय." बाबाही हसला. म्हणाला, "अगं, कधीतरी काढू. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी मुंगीला जिने चढताना धाप लागायला लागली. दंडावर, पोटरीवर निळे डाग उठायचे. कुठे आपटलीस म्हटलं तर म्हणायची, कुठेच नाही. औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी, तिला सगळ्यांआधी कळलं असणार. रक्ताची तपासणी झाली, मग मोठ्या इस्पितळात हाडातला मगज काढून तपासला, आणि मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. फोटोवाल्याला ते नाव धड ऐकूच आलं नाही. तो डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत राहिला होता.

त्या इस्पितळात बाराव्या खाटेनंतर चौदावी होती. मुंगीला चौदावी मिळाली. आईला तेवढ्यातही बरं वाटलं. "शहाणी माणसं आहेत इथली."

मुंगी उशीवरून म्हणाली, "आई, बारावीनंतरची म्हणजे तेरावीच. खाटेला थोडीच माहीत आहे, तिच्यावर कुठली पाटी लावलीय."

आईने उठून तिच्या तोंडावर हात ठेवला.

औषधाचा पहिला फेरा झाला, केस गेले. दुसरा झाला, आणि डॉक्टरांनी दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की उपयोग होत नाहीये. घरी न्या, तिला आवडेल ते करा. काही आठवडे, कदाचित दोन महिने. ते मुंगीला कुणी सांगितलं नाही. तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

मग ती म्हणाली, "मला तिघांचा एक फोटो हवाय. एकच."

"बरी हो, मग काढू," आई म्हणाली.

इतकं दुष्ट वाक्य त्या माउलीने आयुष्यात उच्चारलं नसेल. आणि ते तिने मायेने उच्चारलं. खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं की बरं व्हायचं नाहीये. मुंगीने वाद घातला नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तिने आईला नाही, बाबांना विचारलं, आणि तेही डोळ्यांनीच.

तेव्हा फोटोवाला लग्नानंतर पहिल्यांदा बायकोवर ओरडला. इस्पितळाच्या व्हरांड्यात, भर दुपारी, चारचौघांत. "ती मागतेय काय? एक फोटो! जन्मभर परक्यांसाठी उभी राहिलीस, पोटच्या पोरीसाठी बसता येत नाही तुला? आता काय व्हायचं राहिलंय?"

ती ओरडली नाही. बाकावर बसली, आणि खाली बघून हळूहळू बोलायला लागली. "तुम्हाला आठवतं, मला आठवा महिना लागेपर्यंत मी उभी राहत होते?"

"कुठे?"

"कडेला. लग्नांचे दिवस होते. रोज कुणी ना कुणी तिघं यायचे. पोट दिसायला नको म्हणून तिरकी उभी राहायचे मी. तुम्हीच सांगायचात, जरा वळ म्हणून." तिने बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. "मी स्वतःला मोजत होते. चौथी मी. ही पोटात होती, हिला मी मोजलंच नाही. पाच होतो आम्ही त्या निगेटिव्हवर. आणि तुम्ही माझ्याबरोबर तिलाही कापत होतात. रोज. माझ्यावर उतरायचं ते तिच्यावर उतरलं. मी मोजायला चुकले हो."

"काहीतरीच काय," तो म्हणाला. "असं कुठे असतं का." पण हे तर तो तीस वर्षं म्हणत आला होता, आणि म्हणून झाल्यावर कटर चालवत आला होता. त्याच्या शब्दाला काही वजनच उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो दुकानात गेला. निगेटिव्हच्या पाकिटांवर तिच्या अक्षरात महिने लिहिलेले होते. तेवीस वर्षांपूर्वीचा खण त्याने बाहेर काढला आणि एकेक निगेटिव्ह खिडकीशी धरलं. कुणीतरी तीन भाऊ. आई-बाप आणि मुलगा. तीन मैत्रिणी. आणि प्रत्येकाच्या उजवीकडे ती, तिरकी, एक हात पाठीमागे कमरेवर. एका ठिकाणी ती खाली पोटाकडे बघत होती आणि हसत होती. आतून बहुतेक लाथ बसली असावी. छापलेल्या कागदावरची तिची ही कड त्याने त्या काळी दोन सेकंदांत कापून टोपलीत टाकली होती. तो मानत नव्हता, तरी तो त्या पाकिटांच्या ढिगाऱ्यात बसून रडला.

मुंगीला घरी आणलं. घर दुकानाच्या वरच होतं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी आई चहाचा कप फोटोवाल्यासमोर ठेवत म्हणाली, "उद्या काढू फोटो. दुपारी, उजेड चांगला असतो तेव्हा."

त्याला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"एकच काढायचा," ती म्हणाली. "आणि मध्ये मी बसणार."

तो इतका खूश झाला की पुढचं त्याने ऐकलंच नाही. खाली जाऊन त्याने पडदा झटकला, दिवे पुसले, कॅमेऱ्याचं तिकाटणं घट्ट केलं. वर बायको दिवसभर कपाटं आवरत होती. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिने कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, कशात काय आहे ते. त्याच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या करून ठेवल्या. गॅसची टाकी कशी बदलायची ते त्याला समोर उभं करून शिकवलं. त्याला वाटलं, फोटोच्या निमित्ताने हिला उत्साह आलाय. बायकोचं मन ओळखण्यात तो आधीपासूनच काठावर पास होता.

दुसऱ्या दिवशी शेजारचा शिंपी आणि त्याचा भाऊ, दोघांनी मुंगीला खुर्चीसकट उचलून खाली आणलं. तिने डोक्याला लाल रुमाल बांधला होता आणि ओठांना थोडा रंग लावला होता. आई ठेवणीतले कपडे घालून बाकाच्या मधोमध बसली. डावीकडे मुंगी. उजवीकडची जागा त्याची.

शिंपी भावाला घेऊन बाहेर गेला. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. मुंगी थकली होती, पण हसत होती. आई ताठ बसली होती, हात मांडीवर, आणि तिचे ओठ हलत होते. ती काहीतरी मागत होती. तिचा चेहरा रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा दिसत होता, आपला नंबर आधी लागावा म्हणून जीव टाकणाऱ्या. तेव्हा त्याच्या लख्ख ध्यानात आलं. चिठ्ठ्या, गोळ्या, गॅसची टाकी, सगळं. मधलं माणूस आधी जातं. ही मुंगीच्या आधी जायला बसली होती.

तो कॅमेऱ्यामागून बाहेर आला. "तू जरा बाजूला सरक. मी मध्ये बसतो."

"का?"

"उंचीचं बरोबर दिसत नाहीये."

"आत्तापर्यंत बरोबर होतं."

"मला फोटोतलं कळतं की तुला?"

"मी हलणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

"अगं, मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे," तो म्हणून गेला.

कशाबद्दल भांडण चाललंय ते आता तिघांनाही उघड झालं होतं. मुंगी आईकडे बघत होती, मग बाबांकडे. तिचे डोळे भरले आणि तिने ते भरलेलेच ठेवले, पुसले नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "बसू दे आईला मध्ये. तिला बरं वाटेल."

तो परत गेला. दहा सेकंदांची वेळ लावली, बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. तो धावत येऊन उजवीकडे बसला. आणि शेवटच्या क्षणी मुंगी हळूच कलली आणि तिने आईच्या खांद्यावर, जवळजवळ छातीशी डोकं टेकलं. आईचा हात आपसूक वर आला आणि तिच्या गालावर गेला. कॅमेरा वाजला.

त्याने संध्याकाळी छापून दिलेली प्रत मुंगीने उशाशी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "बघा, माझे बाबा फोटोतसुद्धा येतात." सतरा दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी, आई चहा टाकून येईपर्यंतच्या वेळात ती गेली.

माणसं आली, रडली, जेवण आणून ठेवून गेली. फोटोवाला रडला. आई रडली नाही. ती वाट बघत बसली. लोक म्हणत, धक्का बसलाय. तो धक्का नव्हता. तिला वाटत होतं थोडं मागेपुढे झालं असेल, दोन-चार दिवसांचा फरक चालतो, आपलंही येईल. आठवडा गेला, दुसरा गेला. तिची तब्येत ठणठणीत होती. साधी शिंकसुद्धा आली नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच होत्या आणि ती स्वतःच त्या वाचून स्वयंपाक करत होती.

पाचव्या आठवड्यात, दुपारची, ती फोटो घेऊन दुकानात आली आणि त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला.

"नीट बघा," ती म्हणाली. "मी मध्ये आहे ना?"

"आहेस की."

"असं नाही. मोजून सांगा. ती ऐन वेळी माझ्याकडे कलली. तिचं डोकं मध्ये आलं का? मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिला सरळ बसवायला हवं होतं मी. पण ती टेकली आणि मला..." ती थांबली. "मला बरं वाटलं हो. मी तिला ढकललं नाही."

पाच आठवडे ही बाई हे मनात घेऊन फिरत होती. फोटोवाल्याने मोजपट्टी काढली. एरवी 'काहीतरीच काय' म्हणून सोडून देणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने खरंच मोजलं. प्रत अख्खी होती, त्याने तिला कुठूनही कापलं नव्हतं. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, बारीक पेन्सिलीने मधोमध उभी रेघ मारली. रेघ तिच्या नाकावरून, हनुवटीवरून खाली गेली. मुंगीचं डोकं रेघेच्या डावीकडे होतं, दीड बोट.

"बरोबर मध्ये आहेस तू," तो म्हणाला. "केसाचाही फरक नाही. हे बघ."

तिने पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं.

"म्हणजे तिला ढकलायला हवं होतं, असं नाही."

"नाही."

"मी मध्ये असून ती गेली."

"हो. ते सगळं खोटं होतं गं. आणि हे खोटं, तर तेही खोटं. ती पोटात होती तेव्हाचं. तू काही चुकली नाहीस मोजायला. तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही."

त्याला वाटलं, चला, निदान एवढं ओझं तरी आपण उतरवलं. आणि क्षणभर तसं झालंही. तिचे खांदे खाली आले, चेहरा सैलावला. तिने श्वास सोडला. मग तिने फोटो उचलला, उलटा केला, मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. याच्यामागे आणखी फोटो असायला हवेत, असं ती शोधत होती.

"खोटं होतं," ती म्हणाली, "तर मग आपण काढले का नाहीत?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"ती सात वर्षांची होती तेव्हाचा. तिचा पुढचा दात पडला होता तेव्हाचा. शाळा संपली तेव्हाचा. बाकडं इथेच होतं. कॅमेरा इथेच होता. काढले का नाहीत आपण?"

तिला निदान भीती वाटत होती. लेक जाईल या भीतीने तिने तेवीस वर्षं लेकीला नाही म्हटलं होतं. त्याला तर कसलीच भीती नव्हती. एक दिवस दोघींना हाताला धरून बाकावर बसवायचं आणि बटण दाबायचं, एवढंच त्याला करायचं होतं, आणि कंटाळा सोडला तर त्याला अडवणारं कुणीही नव्हतं. हे तिला सांगू नये असं त्याला फार वाटलं, पण तिने नजर काढली नाही.

"मी मानत नव्हतो," तो म्हणाला. "मी कधीच मानत नव्हतो. तरी नाही काढला."

ती काउंटरला टेकून उभी राहिली आणि मुंगी गेल्यानंतर पहिल्यांदा रडायला लागली. तो उठून तिच्याजवळ गेला, पण तिला हात लावायचा त्याला धीर होईना. मग तिनेच त्याची बाही धरली.